रानवाटेवरची सायकल

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत सायकल ही फार काळ हौसेची वस्तू नव्हती. आश्रमशाळेवर नेमणूक झालेला शिक्षक, टपालाची थैली घेऊन निघालेला पोस्टमन, आपल्या बिटात फिरणारा वनरक्षक, आठवडी बाजाराला कोंबड्या नेणारा शेतकरी या साऱ्यांचे ते वाहन होते. ते चालविताना आनंद होतो की काय, हा प्रश्न कोणी कोणाला विचारीत नसे. पुढे मोटारसायकल आली आणि सायकल ओसरीच्या कोपऱ्यात गेली. आता ती वेगळ्या रूपात परतली आहे. जाड टायरांची, गेअरची, पुढच्या चिमट्यात स्प्रिंग असलेली, जुन्या मंडळींच्या तोंडी सरसकट ‘रेंजर’ म्हणून ओळखली जाणारी ही सायकल रविवारच्या सकाळी चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली अशा गावांच्या वेशीबाहेर दिसू लागली आहे. तिच्यावर बँकेतला कारकून असतो, तहसील कचेरीतला लिपिक असतो, हायस्कुलातला शिक्षक असतो आणि महाविद्यालयातले विद्यार्थी तर असतातच.

ही गोष्ट स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु या मंडळींचे पुढे काय होते, हे पाहिले तर थोडे हसू येते आणि थोडे वाईटही वाटते. पहिले दोन-चार रविवार उत्साहात जातात. मग डांबरी सडक सोडून एखाद्या पांदणीत सायकल घातली जाते. खडी, मुरूम, बैलगाडीच्या चाकोऱ्या आणि मध्येच आडवा आलेला नाला यांतून जाताना मनगटे भरून येतात, पाठ दुखते, एखाद-दुसरी पडझड होते. निष्कर्ष असा निघतो की, सायकल हलकी असावयास हवी होती, ब्रेक डिस्कचे असावयास हवे होते. मग अधिक किमतीची सायकल येते आणि पडझड पूर्वीसारखीच चालू राहते. अखेरीस तीही ओसरीच्या त्याच कोपऱ्यात जाऊन उभी राहते. यंत्रावर खर्च झाला, परंतु शिकण्यावर एक तासही खर्च झाला नाही, एवढाच या कहाणीचा अर्थ. सायकल आपल्याला लहानपणीच आली, आता तिच्यात शिकण्यासारखे काय आहे, ही समजूत या हौसेची खरी शत्रू होय.

या खेळाचा जन्म कसा झाला, हे पाहिले तरी ही समजूत टिकत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातील मॅरिन परगण्यात काही तरुण १९७०च्या दशकात डोंगरावरून सायकली सोडू लागले. त्यांच्याजवळ होत्या त्या १९३० आणि १९४०च्या सुमाराच्या जाड टायरांच्या, बोजड, भंगारातून आणलेल्या सायकली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट उतरणारा तो रस्ता होता. उतार संपेपर्यंत मागच्या चाकाच्या तुंब्यातले ब्रेकचे ग्रीस तापून धूर होऊन जाई आणि पुन्हा भरावे लागे. त्या पुन्हा भरण्यावरूनच शर्यतीला ‘रिपॅक’ हे नाव पडले. खास डोंगरासाठी बांधलेली सायकल त्यानंतर आली आणि ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९६ साली पोहोचला. म्हणजे कौशल्य आधी आले आणि यंत्र मागाहून. आपल्याकडील दुकानदार हा क्रम उलटा सांगतात, त्यात त्यांचा धंदा आहे. गिऱ्हाइकाने तो खरा मानण्याचे कारण नाही.

मग शिकावयाचे काय? सर्वात आधी उभे राहणे. डांबरी रस्त्यावर माणूस सीटवर बसून सायकल चालवितो आणि खडबडीत वाटेवरही तसाच बसून राहतो. प्रत्येक दगडाचा धक्का मग सीटमधून कण्यात आणि हँडलमधून मनगटात जातो. त्याऐवजी दोन्ही पायडल समपातळीवर आणून, सीटवरून किंचित उठून, गुडघे आणि कोपरे सैल ठेवले की शरीर हेच स्प्रिंगचे काम करू लागते. सायकल खाली नाचते आणि स्वार वर स्थिर राहतो. हँडल गच्च आवळण्याची सवय मोडणे मात्र कठीण आहे, कारण भीती आधी मुठीत उतरते.

नजरेचे असेच आहे. नवशिका पुढच्या चाकासमोरील दगडाकडे पाहतो आणि नेमका त्या दगडावर जाऊन आदळतो. नजर जिकडे जाते तिकडे सायकल जाते, हे प्रत्येकाने अनुभवाने पडताळून पाहण्यासारखे आहे. पंधरा-वीस पावले पुढची मोकळी जागा पाहावी, दगडाची नोंद डोळ्यांनी आधीच घेऊन त्याला सोडून द्यावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पाने गळून वाटेवर अंथरली जातात, तेव्हा तर नजरेचीही पंचाईत होते. पानांखाली दगड आहे की खड्डा, हे कळत नाही आणि सुके पान मुरमावर घसरते. अशा वाटेवर वेग कमी ठेवणे हाच शहाणपणा.

ब्रेकसंबंधी मात्र थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस हँडलवरून उलथतो, अशी पक्की समजूत आपल्या खेड्यापाड्यांत आहे. पुढच्या ब्रेकची रबरे झिजली तर ती बदलण्याची तसदीही पुष्कळजण घेत नाहीत. काही सायकलींना तर पुढचा ब्रेक नुसता शोभेपुरता असतो. वस्तुस्थिती अशी की, सायकल थांबू लागली की सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि म्हणून थांबविण्याची अधिक ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. मागचे चाक हलके झाल्यामुळे ते नुसते अडकून घसरत जाते. उलथणारा माणूस उलथतो तो ब्रेकमुळे कमी आणि हात ताठ करून, अंग उंच ठेवून बसल्यामुळे अधिक. उतारावर कंबर मागे आणि खाली नेली, टाचा किंचित खाली दाबल्या आणि एकाएकी न आवळता दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत नेले तर तीव्र उतारही माणसाच्या ताब्यात राहतो. मात्र सुट्या मुरमावर वळणाच्या मध्यात पुढचा ब्रेक आवळला तर चाक बाजूला निसटते. तेथे उपाय एकच. वळण येण्यापूर्वी, सरळ रस्त्यावर असतानाच वेग उतरवावा, आणि वळणात ब्रेक सोडून, आतल्या बाजूचे पायडल वर ठेवून सायकल कलती करावी. हे वाचून येत नाही. शंभर वेळा केल्यानंतर हाताला कळते आणि एकदा कळले की विसरत नाही.

वैनगंगेच्या काठच्या रेतीत हँडल झटक्याने वळविले की सायकल जागच्या जागी रुतते. तेथे हात हलके, भार किंचित मागे आणि पायडल एकसारखे फिरते ठेवावे लागते. चढावर याच्या उलट, हलका गेअर चढ सुरू होण्यापूर्वीच घालावा आणि सीटच्या टोकाशी सरकून पुढे झुकावे, नाहीतर पुढचे चाक उचलते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदणीत शिरण्याच्या भरीस कोणी पडू नये. माती चिमट्यात भरून चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घेऊन यावे लागते. हवेचेही एक शास्त्र आहे. दुकानदार टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरतो. डांबरी सडकेला ते ठीक, परंतु खडीवर असा टायर चेंडूसारखा उसळतो. हवा थोडी कमी असावी. फार कमी केली तर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. अंगठा दाबून पाहत-पाहत प्रत्येकाने आपल्या वजनाला मानवेल ते प्रमाण शोधावे. गोखरूच्या काट्यापुढे मात्र कोणतेच शास्त्र चालत नाही, पंक्चरचे सामान जवळ असावे हे बरे.

हे सारे शिकण्यासाठी रानात जाण्याची गरज नाही, हा या विषयातला महत्त्वाचा मुद्दा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात हळू सायकल चालविण्याची स्पर्धा होते आणि ती करमणुकीची बाब समजली जाते. शेवटी पोहोचणारा जिंकतो म्हणून पोरे हसतात. परंतु पाय न टेकता मुंगीच्या चालीने सायकल तोलून धरणे ही रानवाटेवरची पायाभूत विद्या आहे. तिच्याच जोडीला मैदानावर चुन्याने इंग्रजी आठाचा आकडा आखावा, एक बांबू आडवा टाकून त्यावरून आधी पुढचे आणि मग मागचे चाक हलके करून नेण्याचा सराव करावा, एका रेघेपाशी नेमके थांबण्याची सवय करावी. आठवड्यातून एक तास, असे दोन महिने केले तर जो फरक पडतो तो महागडी सायकल घेतल्याने पडत नाही. आनंदाचा उगमही येथेच आहे. भीत-भीत, अंग आक्रसून केलेला प्रवास कितीही निसर्गरम्य प्रदेशातून असला तरी त्यात निसर्ग दिसत नाही, पुढचा खड्डा दिसतो.

आणि हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा आहे, असेही नाही. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात या सायकलीने कित्येक मुलींचे शिक्षण तुटण्यापासून वाचविले असेल. योजना चांगली आहे, तिच्यावर टीका करण्याचे कारण नाही. परंतु सायकल हाती देताना ती मुरमाच्या उतारावर कशी थांबवावी, रपट्यावरून पाणी वाहत असताना का उतरावे, पाठीवर दप्तर असताना तोल कसा बदलतो, हे तिला कोण सांगते? पुण्या-मुंबईचा हौशी सायकलस्वार ज्या कौशल्यासाठी शिकवणी लावतो ते कौशल्य धानोऱ्याच्या किंवा सिंदेवाहीच्या मुलीला रोज सकाळी लागते. शाळेत कवायतीचे शिक्षक आहेत, मैदान आहे, तास आहे. चुना आणि बांबू यांपलीकडे खर्च नाही. हौसेने सायकल चालविणाऱ्या शिक्षकांनी आणि लिपिकांनी आपल्या रविवारातला एक तास या मुलींना दिला तर त्यांच्या हौसेला जे वजन येईल ते शर्यतीतल्या पदकाने येणार नाही. अशी गोष्ट या भागाला परकीही नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमटे यांनी डिसेंबर १९८५मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ची यात्रा काढली, तेव्हा त्यांच्याबरोबर शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. १९८८ साली अरुणाचलापासून गुजरातपर्यंत दुसरी यात्रा झाली. सायकलीवरून सामाजिक काम करता येते, हे या जिल्ह्याने देशाला दाखविलेले आहे.

मैदानावर तयार झालेला स्वार पुढे कोठे जाणार? या प्रश्नापाशी विषय गंभीर होतो. चंद्रपूरचे जंगल हे सह्याद्रीतल्या एखाद्या टेकडीसारखे मोकळे नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प १९९५ सालचा. परंतु वाघ आता प्रकल्पाच्या नकाशात मावत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत आणि वैनगंगेपलीकडे गडचिरोलीतही तो आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात, रात्री काम संपवून सायकलने घरी निघालेल्या एका कंत्राटी कामगाराचा वाघाने बळी घेतला. मे २०२५मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. पोटासाठी जंगलात जाणाऱ्यांना पर्याय नाही. रविवारच्या हौशी स्वाराला आहे, आणि म्हणून त्याची जबाबदारी अधिक आहे.

सायकलीचा धोका पायी चालणाऱ्यापेक्षा वेगळा आहे, हेही समजून घ्यावयास हवे. पायी जाणारा बोलत-चालत, हळू जातो. त्याची चाहूल जनावराला लांबून लागते. सायकल आवाज न करता आणि वेगाने येते, स्वाराची मान खाली असते आणि दाट बांबूच्या वळणावर दोघांचीही गाठ अकस्मात पडते. २०१६ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात वन खात्याचाच एक अधिकारी सुटीच्या वेळी रानवाटेने सायकल हाकीत असता ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केले. चौकशी मंडळाच्या अंदाजाप्रमाणे अस्वल दिसल्यापासून टक्कर होईपर्यंत त्याच्या हाती एक-दोन सेकंद होते. तो अननुभवी नव्हता, जंगल जाणणारा होता. आपल्याकडेही अस्वल आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागली की ते पहाटे मोहाखाली असते. पळणाऱ्या वस्तूच्या पाठीस लागणे हा वाघाचा स्वभाव आहे. तेव्हा वेग वाढवून निसटू, हा हिशेब करण्यात अर्थ नाही.

म्हणून दाट जंगलातून जाणाऱ्या पायवाटा हौशी स्वाराने सोडूनच द्याव्यात. पहाटे आणि सायंकाळी जंगलालगत जाऊ नये, चांगले ऊन पडल्यानंतर निघावे आणि दिवस कलण्यापूर्वी गावात परतावे. एकट्याने जाऊ नये. वळणावर घंटी वाजवावी, गप्पा माराव्यात, कानांत गाणी लावून तर मुळीच जाऊ नये. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात किंवा अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तो असावा हेच योग्य. एखादा ‘थरार’ म्हणून आडवाटेने आत शिरून छायाचित्रे काढणाऱ्यांना शूर म्हणण्याची चाल पडू पाहत असेल तर ती वेळीच मोडली पाहिजे. एका बेफिकीर स्वारावर हल्ला झाला की वाघ ‘नरभक्षक’ ठरतो, गाव भीतीने बंद होते आणि त्याची किंमत तेंदू तोडणाऱ्या बायका मोजतात.

मग या जिल्ह्यांत सायकल चालवावी तरी कोठे, असे कोणी विचारील. जागेची येथे वाण नाही. गावोगावच्या पांदणी आहेत. धान कापून मळणी झाल्यावर उघड्या पडलेल्या बांध्या आहेत आणि मालकाची ना नसेल तर त्यांचे धुरे ही तोल साधण्याची उत्तम शाळा आहे. माजी मालगुजारी तलावांच्या पाळींवरून जेथे बैलगाडी जाते तेथे सायकलही जावी, मात्र ओल्या पाळीवर चाकोरी पाडू नये, पुढच्या पावसात तीच चाकोरी फुटीचे कारण होते. राजुऱ्याच्या पलीकडे माणिकगडच्या डोंगरावर जिवतीचा चढ-उताराचा टापू आहे. शेतांमधून जाणाऱ्या तेथील गाडीवाटा चढ आणि उतार दोन्ही शिकवितात. डांबरी हमरस्ते सुरक्षित म्हणून सुचविण्याचीही सोय राहिलेली नाही. कोळशाचे ट्रक चंद्रपूरच्या बाजूला आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली-आष्टीच्या बाजूला अशा गर्दीने धावतात की वाघापेक्षा त्यांचीच धास्ती घ्यावी.

गडचिरोलीत आणखी एक पथ्य आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी स्वतंत्र झालेला हा जिल्हा बव्हंशी जंगलाचा, आणि हे जंगल ओसाड सरकारी मालमत्ता नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनक्षेत्रात कोणी यावे-जावे याचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने २००९ साली असा सामूहिक हक्क मिळविला आणि त्यानंतर जिल्ह्यातील शेकडो गावांना तो मिळाला. तेव्हा अशा गावाच्या वाटेवर सायकली नेण्यापूर्वी ग्रामसभेला विचारणे ही केवळ सभ्यता नाही, तिच्या हक्काची ती मान्यता आहे. गाव नाही म्हणाले तर वाद न घालता परतावे. हो म्हणाले तर गावातला एक माणूस वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावा आणि त्याची दिवसाची मजुरी त्याला द्यावी. कोणत्या नाल्याकाठी काल पंजा दिसला, हे त्याला माहीत असते. ते कोणत्याही मोबाईलमधल्या नकाशात नसते.

पर्यटनाच्या नावाखाली सायकलीसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्याची मागणी अधूनमधून निघते. जंगल तोडून सिमेंटचा पट्टा ओतण्यापेक्षा प्रत्येक तालुक्याच्या गावी एक-दोन एकरांची पडीक जागा दिली, तीत मुरमाचे दोन ढीग, एक खोदलेला चर आणि काही लाकडी ओंडके टाकून दिले तर तेवढ्यात काम भागेल. खाणींच्या गावांत मातीच्या ढिगांची काही कमतरता नाही. मात्र चालू खाणीच्या ढिगांवर कोणी चढू नये, ते ढासळतात.

यासाठी हंगाम दिवाळीनंतरचा. तेव्हा वाटा वाळलेल्या असतात, गवत कापले जाते, नजर लांब पोहोचते आणि हवा थंड असते. होळीनंतर पारा चढू लागतो आणि एप्रिल-मेमध्ये तो ४५ अंशांपलीकडे जातो. त्याच दिवसांत गावे मोहासाठी आणि तेंदूसाठी पहाटेपासून रानात असतात. त्या दोन महिन्यांत जंगलाकडच्या सायकली बंद ठेवाव्यात आणि सकाळचा तो तास शाळेच्या मैदानावर, चुन्याच्या आठाच्या आकड्यावर घालवावा.